अंटार्क्टिकावर बंद केलेलं एक बटण

होबार्ट

अंटार्क्टिकाला निघालेल्या माणसाने पहिली चूक निदान तिथे पोहोचल्यावर करावी. माझी ऑस्ट्रेलियातल्या होबार्ट बंदराच्या गोदामातच झाली, एका पांढऱ्या ट्रेसमोर.

तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाच्या सामानाची झडती होते. दारू, हत्यारं वगैरे शोधत नाहीत, बिया शोधतात. त्या खंडावर बाहेरचं एकही बी जाता कामा नये, असा कडक नियम आहे. हातात चिमटा आणि छोटासा व्हॅक्यूम घेतलेल्या एका शांत बाईंनी माझं फ्लीसचं जॅकेट उलटं केलं आणि खिशातून बडीशेप निघाली. मेलबर्नच्या क्लेटन भागातल्या इंडियन हॉटेलात जेवायला गेलो की निघताना मी काउंटरवरची मूठभर बडीशेप उचलतो. चार दाणे तोंडात जातात, उरलेले पुढच्या वेळेसाठी खिशात. ती पुढची वेळ आता आली होती. मग कॅमेऱ्याच्या बॅगेतून तीळ निघाले, आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या गेल्या वर्षीच्या संक्रांतीचे. बाहीच्या वेल्क्रोत हळद लागलेल्या अक्षता अडकल्या होत्या. त्या कोणाच्या लग्नातल्या, हे मला अजून आठवलेलं नाही. बाई एकेक दाणा चिमट्याने उचलून ट्रेमध्ये ओळीने मांडत होत्या आणि माझ्यामागे अख्खी रांग ते प्रदर्शन बघत होती.

"मेट, तू तिकडे शेती करायला निघालायस का?" मागच्या आडदांड माणसाने विचारलं. हा डॅझा, स्टेशनचा प्लंबर. पुढचे दोन महिने त्याने मला 'फार्मर' म्हटलं. नंतर त्याला माझ्यासाठी याहून वाईट नाव सापडलं, ते पुढे येईलच.

मी तिकडे का निघालो होतो, ते सांगायला हवं. शौर्याचा काही संबंध नाही. मोठ्या इमारतींचं हीटिंग सांभाळणाऱ्या कंट्रोल सिस्टिम बसवणं हे माझं काम. मेलबर्नच्या ऑफिसांत त्याचा अर्थ एवढाच, की एकाच मजल्यावर मायकेलला उकडतं आणि सुनीताला थंडी वाजते, म्हणून दोघांना एकेक थर्मोस्टॅट लावून द्यायचा. तो थर्मोस्टॅट बहुतेक वेळा कशालाच जोडलेला नसतो. दोघंही खूश राहतात. अंटार्क्टिकाच्या स्टेशनवर तो खरोखर जोडलेला लागतो, एवढाच फरक. तिथली जुनी सिस्टिम काढून नवी बसवायची आणि हिवाळ्याआधी चालू करून द्यायची, हे काम आमच्या कंपनीला मिळालं होतं. ज्याचं जायचं ठरलं होतं, त्याचा गुडघा दुखावला. ऑफिसात दोन्ही गुडघे शाबूत असलेला पुढचा माणूस मी निघालो.

अट एकच होती. मार्चमध्ये शेवटचं जहाज निघतं. त्यानंतर समुद्र गोठतो आणि मागे राहणारी माणसं थेट नोव्हेंबरात मोकळी होतात. जहाज निघेपर्यंत सिस्टिम नीट चालली नाही, तर ती चालेपर्यंत मी तिथेच.

आणि मार्चच्या शेवटी आई पुण्याहून आमच्याकडे येणार होती. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच, वर्षभराच्या व्हिसावर.

इथे माझी खरी काळजी सुरू होते. माझी बायको मंजिरी नागपूरची. आई पुण्याची. दोघी आपापल्या ठिकाणी उत्तम बायका आहेत. पण एका स्वयंपाकघरात त्यांच्या मध्ये मी नसलो तर काय होईल, याची कल्पना मला आमटीतल्या गुळावरून झालेल्या एका व्हिडिओ कॉलने दिली होती. तो कॉल मीच 'नेटवर्क गेलं' म्हणून तोडला होता. गेली अठरा वर्षं मी त्या घरातली शांतिसेना आहे, असा माझा समज होता. शांतिसेना नोव्हेंबरपर्यंत बर्फात अडकली तर ग्लेन वेव्हर्लीतल्या आमच्या घरात काय उरेल?

"आई यायच्या आत येतो," मी निघताना मंजिरीला म्हटलं.

"ये की," ती म्हणाली. "कचऱ्याचे बिन्स बाहेर ठेवून जा, उद्या मंगळवार आहे."

स्टेशन

जहाजाच्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही. मी आडवा होतो. दक्षिण महासागर कसा दिसतो, हे मला केबिनच्या छतावरून सांगता येईल.

स्टेशन मात्र पाहण्यासारखं. काळ्या खडकावर लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या पत्र्याच्या मोठमोठ्या शेड. मागे बर्फाची चढण, ती वर जाऊन आकाशात कुठे मिसळते ते कळत नाही. पुढे निळाकाळा समुद्र आणि त्यात अपार्टमेंटएवढे हिमनग निवांत उभे. पहिल्या दिवशी मी अर्धा तास नुसता बघत राहिलो. मग मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला. 'मराठी पाऊल पडते पुढे' अशी सुरुवात झाली, मग अध्यक्षांनी परतल्यावर शाल-श्रीफळ जाहीर केलं, मग कोणीतरी विचारलं, 'पेंग्विन कुठे आहेत?' पेंग्विनचा फोटो येईपर्यंत माझ्या धाडसावर कोणाचा विश्वास बसला नाही.

पेंग्विनांचं म्हणाल तर त्यांचा वास आधी येतो. नंतर ते येतात, आपल्याकडे न बघता निघून जातात. मला मंडळाच्या आजीव सभासदांची आठवण झाली.

स्टेशनची प्रमुख ब्रॉन. पन्नाशीची, बुटकी, तास्मानियातली माजी शाळामास्तरीण. आवाज कधी चढवत नसे. पहिल्याच संध्याकाळी मी तिला भांडी घासताना पाहिलं आणि धावत जाऊन मदत करायला लागलो. आपल्याकडे जिल्हाधिकारी पातेलं घासताना दिसले तर माणसं गोळा होतील.

"बस, निश," ती म्हणाली. "तुझी पाळी गुरुवारी आहे."

निशिकांतचं निश होबार्टमध्येच झालं होतं. ही भांड्यांची पाळी म्हणजे तिथला धर्म. तिला स्लशी म्हणतात. डॉक्टर, शास्त्रज्ञ, मेकॅनिक, प्रमुख, सगळ्यांनी पाळीपाळीने दिवसभर स्वयंपाकघरात राबायचं: कांदे चिरायचे, टेबलं पुसायची, भांडी घासायची. मोबदल्यात त्या दिवशी गाणी तुमच्या पसंतीची. घरी मी जेवलेलं ताट सिंकपर्यंत नेतो आणि त्याचा उल्लेख दोन दिवस करतो. इथे मी साठेक माणसांची ताटं घासली, आणि कोणी 'वा' म्हटलं नाही. मी नाट्यसंगीत लावलं होतं. तान सुरू झाली तेव्हा डॅझाने येऊन विचारलं, "हा माणूस बरा आहे ना? डॉक्टरला बोलावू?"

त्या गुरुवारी आचारीण ट्रिश म्हणाली, "निश, आज तू करी कर." इंडियन माणसाला करी येतेच, यावर ऑस्ट्रेलियाचा गाढ विश्वास आहे. मला फक्त चहा येतो. मी भांडारात शिरून मंजिरीला फोन लावला. ती हॉस्पिटलच्या फार्मसीत ड्युटीवर होती.

"काय काय आहे तिथे?"

"बेसन आहे. कांदे आहेत. लसूण पावडर."

"मग पिठलं कर. गुठळ्या होऊ देऊ नकोस. ठेवते, रांग आहे."

गुठळ्या झाल्या. डॅझाने ताटातल्या पिवळ्या पदार्थाकडे बराच वेळ बघितलं आणि नम्रपणे विचारलं, "हा सॉस झाला. ज्यावर घालायचा ते कधी येणार?"

बेगमी

फेब्रुवारी संपत आला तसं सगळं स्टेशन हिवाळ्याच्या तयारीला लागलं. आमच्या लहानपणी आई एप्रिल-मेमध्ये वर्षभराचं तिखट, पापड, कुरडया करून डबे भरायची, तसलीच ही बेगमी, फक्त इथे कुरडयांच्या जागी डिझेल. जहाजातून किनाऱ्यापर्यंत लांबलचक नळी टाकून टाक्या भरतात आणि तिच्या कडेने माणसं पहारा देत उभी राहतात, एक थेंबही समुद्रात सांडू नये म्हणून. होड्या पाण्याबाहेर काढून शेडमध्ये निजवल्या. गाड्यांच्या इंजिनांना रात्रंदिवस विजेची ऊब लावून ठेवली.

बाहेरचं सामान आवरण्याचा नियम सोपा होता: जे उडेल ते बांधायचं, जे बांधता येणार नाही ते आत आणायचं, आणि जे कशाच्याच कामाचं नाही ते होबार्टला परत पाठवायचं. कागदाचा कपटासुद्धा तिथे टाकत नाहीत. गंजके खिळे, तुटकी खुर्ची, अंड्यांची टरफलं, सगळं वेगवेगळ्या पेट्यांत घालून जहाजावर चढवतात. मी एक चांगला खोका बाजूला काढून ठेवला होता. 'लागेल' म्हणून. ब्रॉनने तो माझ्या डोळ्यांदेखत चपटा केला.

डॉक्टरीणबाईंनी इथे यायच्या आधी आपलं धडधाकट अपेंडिक्स काढून घेतलं होतं. हिवाळ्यात सगळ्यांचं ऑपरेशन त्या करतील, त्यांचं कोण करणार? आणि त्यांच्या मदतीला नर्स म्हणून कोण, तर एक सुतार आणि ट्रिश. दोघांना भूल आणि टाके कसे हाताळायचे याचे धडे चालले होते. ट्रिश म्हणायची, "मांस कापण्याचा अनुभव आहेच." त्यानंतर पोटात जरा दुखलं तरी मी कोणाला सांगितलं नाही.

माझं कामही रांगेला लागलं होतं. नवी सिस्टिम चालू झाली, शेडमागून शेड तिच्यावर आली. चाचणीत एकेका पाइपचं तापमान मुद्दाम खालीवर करत होतो. प्रत्येक वेळी अलार्म ठणाणा करून लोकांची झोप उडू नये, म्हणून अलार्म मी चार दिवसांसाठी बंद ठेवले होते. लोकांनी माझ्या समंजसपणाचं कौतुक केलं. जहाज खाडीत येऊन थांबलं होतं. मी बॅग भरायला घेतली.

आणि मग ते बटण.

पाण्याच्या टाकीची एक वेगळी शेड आहे. तिथून निघालेला पाइप उघड्यावरून, जमिनीच्या वर, राहत्या इमारतीपर्यंत जातो. पाणी गोठू नये म्हणून पाइपाला कापसासारखं जाड आवरण आणि आवरणाखाली विजेची तापणारी वायर. त्या वायरचं बटण शेडच्या दाराशी. बटणावर लाल दिवा.

आता मराठी मध्यमवर्गीय घरात वाढलेल्या माणसाला दाराशी बटण आणि त्यावर लाल दिवा दिसला, की तो गीझर असतो. आमच्याकडे गीझर चालू ठेवून घराबाहेर पडणं हा एकमेव अक्षम्य अपराध होता. माझे बाबा एकदा कार्यालयात मंगलाष्टकं सुरू झालेली असताना, गीझर बंद केला का ते बघायला रिक्षा करून घरी गेले होते. लग्न त्यांच्या सख्ख्या बहिणीचं होतं. हे संस्कार हातात मुरलेले असतात, डोक्याशी त्यांचा संबंध नसतो. टाकीचे सेन्सर शेवटचे तपासून, टोपी घालून, 'झालं बाबा एकदाचं काम' अशा समाधानात मी शेडबाहेर पडलो, आणि जाताजाता माझ्या हाताने गीझर बंद केला.

त्याच दुपारी हिमवादळ आलं. पुढचा हात दिसेना. बाहेर पडायला बंदी झाली. आम्ही उबेत बसून पत्ते खेळलो. अलार्म वाजला नाही, कारण अलार्म मी बंद ठेवलेले होते.

पाइप

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुमाराला ट्रिशच्या नळाने दोन उचक्या दिल्या आणि तो गप्प झाला. वादळ ओसरल्यावर डॅझा टाकीच्या शेडकडे गेला. परत आला तो सरळ माझ्यासमोर उभा राहिला.

"फार्मर, दाराशेजारचं बटण?"

"कुठलं?" म्हणता म्हणता मला माझ्याच हाताची हालचाल आठवली. "लाल दिव्याचं? ते मी... आमच्याकडे ते बंद करतात."

"का?"

"वीज वाया जाऊ नये म्हणून."

डॅझाने खोलीतल्या सगळ्यांकडे एकदा वळून पाहिलं. "पाइप गोठू नयेत म्हणून हा माणूस चार हजार किलोमीटर अंतरावरून आणलाय," तो म्हणाला. "शेतकरी नाही हा. याचं नाव आजपासून फ्रीजर."

ब्रॉन 'नो वरीज' म्हणाली. ऑस्ट्रेलियात इतकी वर्षं काढल्यावर एवढं कळतं, की 'नो वरीज' हसत म्हटलं तर काळजी नसते, आणि सावकाश म्हटलं तर असते. ती सावकाश म्हणाली. मग तिने मला बाजूला घेतलं. पाइप सुटल्याशिवाय आणि माझी सिस्टिम एक रात्र अलार्मसकट नीट चालल्याशिवाय ती मला सोडू शकत नव्हती. हिवाळ्यात इथे राहणारी माणसं त्या पाण्यावर जगणार होती. दुसरीकडे जहाजाचा कप्तान घाई करत होता. दुधावर साय धरावी तसा खाडीच्या कडेने बर्फ धरायला लागला होता. "तो परवा दुपारपर्यंत थांबतोय," ब्रॉन म्हणाली. "नंतर तू असलास तरी जाईल, नसलास तरी."

मी मंजिरीला फोन केला.

"पाइप गोठलाय."

"बरं."

"म्हणजे जहाज चुकू शकतं. मग नोव्हेंबर."

"आईंना सांगू?"

"नको, काळजी करेल."

"कोणाची?" तिने विचारलं. मग सईचा आवाज आला, "Is Dad stuck? Can I have his car?" आमची कन्या अठराची होणार होती, आणि आपत्तीत संधी बघायचं वय तिला आधीच आलं होतं.

त्यानंतरचे दोन दिवस सगळं स्टेशन त्या पाइपावर होतं. टप्प्याटप्प्याने वरचं आवरण सोलायचं, ताडपत्रीचा तंबू ठोकायचा, आत गरम हवेचा भलामोठा पंखा सोडायचा, पाइपातला बर्फ सुटला की पुढचा टप्पा. पेंग्विनांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ ताडपत्री धरून उभे. डॉक्टरीणबाई रबरी पिशव्यांत गरम पाणी भरून सांध्यांवर बांधत होत्या आणि मधूनमधून पाइपाला 'गुड बॉय' म्हणत होत्या. कोणी मला रागावलं नाही. ते मला सगळ्यात कठीण गेलं. आपल्याकडे निदान चार माणसांनी 'मी सांगत होतो' म्हटलं असतं, मग मीही दोन शब्द ऐकवले असते आणि हिशेब मिटला असता. इथे लोक नुसते चहाचा मग पुढे करत होते. फक्त जेवायला आत आलो तेव्हा दिसलं, की इमारतीतल्या प्रत्येक बटणावर चिकटपट्टी आणि त्यावर 'फ्रीजर, नको' असं लिहिलेलं. संडासातल्या दिव्यावरसुद्धा.

माझ्या हातात हॉट एअर गन होती. बोटं बधिर, नाकाचा शेंडा परक्याचा. मी मनात ग्लेन वेव्हर्लीचं स्वयंपाकघर बघत होतो: एका ओट्यावर आई, दुसऱ्या ओट्यावर मंजिरी, आणि मध्ये माझी रिकामी जागा. त्या चित्राच्या जोरावरच मी गन धरून होतो.

शेवटचा सांधा दुसऱ्या संध्याकाळी सुटला. ट्रिशचा नळ खोकला, लालसर पाणी थुंकला, पुन्हा खोकला आणि मग वाहायला लागला. कोणी आरोळी ठोकली नाही. ट्रिशने किटली भरली. डॅझाने माझ्या पाठीत एक गुद्दा घातला, त्याची खूण मी होबार्टपर्यंत नेली. मी अलार्म चालू केले आणि रात्रभर त्यांच्याकडे कान न लावण्याचा प्रयत्न केला. एकही वाजला नाही.

सकाळी ब्रॉन माझ्याशेजारी येऊन बसली. मला वाटलं, निरोपाचं बोलेल.

"निश, एक विचारू? हिवाळ्यासाठी येणारा इलेक्ट्रिशियन मेडिकलमध्ये नापास झाला. ही सिस्टिम तुझ्याइतकी कोणाला माहीत नाही. तुझं मेडिकल झालेलं आहे, मानसशास्त्रज्ञानेही तुला पास केलंय." ते खरं होतं. अरुंद जागेत त्याच त्या माणसांबरोबर भांडण न करता राहण्याचा अनुभव आहे का, असं त्याने विचारलं होतं. हौसिंग सोसायटीच्या कमिटीवर होतो म्हटल्यावर त्याने पुढे काही विचारलं नाही. "थांबतोस का नोव्हेंबरपर्यंत? तुला थांबायला भाग पाडत नाही, विचारतेय."

खरं सांगतो, मला मोह झाला. खिडकीबाहेर कोवळ्या उन्हात बर्फ गुलाबी झाला होता. आयुष्यात पहिल्यांदा चुकीनंतर कोणीतरी मला ठेवून घेत होतं.

"नाही जमणार," मी म्हटलं. "घरी बायको आणि आई एकत्र असणार आहेत. मी मध्ये नसलो तर अवघड आहे."

"इतक्या भयंकर आहेत?"

"नाही नाही. दोघी फार चांगल्या आहेत. पण मी लागतो."

ब्रॉनने मान डोलावली. शाळेतल्या मुलाने फार मोठं कारण सांगितलं की मास्तरीण डोलावते, तशी.

ग्लेन वेव्हर्ली

वादळांमुळे जहाज रेंगाळलं. मी घरी पोहोचलो तेव्हा आई येऊन दहाबारा दिवस झाले होते. जहाजावर बहुतेक वेळ मी आडवाच होतो, त्यामुळे तयारीला भरपूर अवकाश मिळाला होता: आधी कोणाची बाजू ऐकायची, कोणाला फिरायला न्यायचं, कोणाला काय बोलायचं नाही.

दार सईने उघडलं. "Oh, hey Dad," म्हणाली आणि माझ्याच गाडीची किल्ली फिरवत बाहेर गेली.

आत दोघी डायनिंग टेबलावर बसून वाटाणे सोलत होत्या. आईच्या अंगात मंजिरीचा जुना कार्डिगन. माझी अभ्यासाची खोली आईची झाली होती आणि माझं टेबल गराजमध्ये गेलं होतं. दर बुधवारी आई लायब्ररीत खुर्चीवरच्या योगासनांना जाते आणि तिथे तिची एक ग्रीक मैत्रीण झाली आहे, हे मला कळलं. मंजिरीच्या रात्रपाळीच्या दिवशी सईचा डबा आई करते, आणि पाळीवरून येऊन झोपलेल्या मंजिरीला उठवायचं नाही असा नियम आहे, हेही कळलं. मी कोणाच्या बाजूने बोलू, असं विचारावं, तर बाजू कुठे दिसत नव्हत्या.

जेवणं झाल्यावर मी सगळं सांगितलं. बटण, वादळ, पाइप, बधिर बोटं. ब्रॉनचा प्रस्ताव मी मुद्दाम शेवटी ठेवला होता आणि तो जरा सावकाश सांगितला. नोव्हेंबरपर्यंत थांबायची विनंती, गुलाबी बर्फ, आणि केवळ तुम्हा दोघींसाठी मी दिलेला नकार.

आई उठून झोपायला गेली. जाताना मंजिरीच्या खांद्यावर हात ठेवून गेली, माझ्या नाही.

मंजिरीने टेबलावरची वाटाण्याची सालं गोळा केली.

"नाही म्हणायच्या आधी," ती म्हणाली, "आम्हा दोघींना एकदा विचारायचंस तरी."